एक्केचाळीस फळांची राखण

घरमालकीणबाईंनी फळांचा लाकडी ट्रे वर राहणाऱ्या भाडेकरूच्या, म्हणजे जावईबापूंच्या, हातात देण्याआधी फळं मोजली. मनातल्या मनात नाही, एकेकावर बोट टेकवून, मोठ्यानं, एक्केचाळीसपर्यंत. मग पुन्हा एकदा मोजली. आपल्यावर भरवसा टाकणाऱ्या माणसानं आपल्याच डोळ्यांदेखत दोनदा मोजावं म्हणजे कुणाच्याही पोटात गोळा यायचा, आणि जावईबापूंच्या पोटात तर तो कायम मुक्कामालाच असायचा.

"जिन्याखालच्या थंड खोलीत ठेवा," बाई म्हणाल्या. "मी पंधरा दिवस बहिणीकडे चाललेय. रोज एकदा डोकावत जा, उंदीर येतात का बघा. बाकी हात लावू नका."

"छे छे, हात कशाला लावू?" जावईबापू म्हणाले. मग धीर करून त्यांनी विचारलं, "आणि ते आपलं... कराराचं?"

"तिथं निवांत विचार करते. माझा भाचाही वरची जागा मागतोय. आल्यावर सांगते काय ते."

एवढं बोलून बाई गेल्या आणि जावईबापू ट्रे धरून जिन्यात उभे राहिले. गेल्या हिवाळ्यात ते या घरात राहायला आले होते. खाली बाई, वर हे. एक वर्षाचा करार महिनाअखेरीला संपत होता. बायकोला आठवा महिना लागलेला. परक्या देशात घर शोधायचं म्हणजे सहा महिन्यांचं काम, तेव्हा भाच्याला जागा मिळाली असती तर बाळंतपण आणि बिऱ्हाड दोन्ही एकाच वेळी हातावर घेऊन फिरायची पाळी होती. ट्रेमधली फळं त्यांनी जन्मात कधी पाहिली नव्हती. लिंबाएवढी, तपकिरी, दगडासारखी टणक आणि बुडाशी पाच शेंड्यांचं उघडं तोंड. चिकूच्या घरात जन्मून डाळिंबाच्या वळणावर गेल्यासारखी. मागच्या अंगणातल्या झाडाची होती, बाईंच्या दिवंगत नवऱ्यानं लावलेल्या. बाई त्या झाडाविषयी बोलताना आवाज खाली आणत.

"ही परीक्षा आहे," जावईबापू वर येऊन बायकोला म्हणाले. "बघायचंय तिला, आपण वस्तू सांभाळतो की नाही."

"फळं आहेत रे ती. तू उगाच जीव खाऊ नकोस स्वतःचा."

"दोनदा मोजली तिनं!"

"मग तूही दोनदा मोजून परत दे."

इथं अण्णांची ओळख करून द्यायला हवी. अण्णा म्हणजे सासरे, त्यांच्यामुळंच तर हे जावईबापू. बाळंतपणाला खरं तर सासूबाई यायच्या, पण त्यांचा व्हिसा अडकला आणि अण्णांचा आला. म्हणजे जिची गरज ती तिकडे, आणि ज्यांना चहा करता येत नाही ते इकडे. अण्णांनी चौतीस वर्षं फळबाजारात निवडणीचं काम केलं होतं. हजारो पेट्या हाताखालून गेलेल्या. नुसता अंगठा टेकवून सांगायचे, हा आज खा, हा परवा, हा शेजाऱ्याला द्या. या देशात येऊन तीन आठवडे झाले होते आणि निवडायला काही नव्हतं. कंटाळून त्यांनी स्वयंपाकघरातले बटाटे आकारानुसार लावून ठेवले होते. दोन वेळा.

त्यांची नजर ट्रेवर पडली आणि माणूस दहा वर्षांनी तरुण झाला.

"जावईबापू, काय हो हे?"

"बाईंची फळं आहेत, अण्णा. रोज फक्त एकदा बघायची, उंदीर लागतायत का. मी कामावर असतो, तेव्हा तेवढं तुम्ही बघाल?"

"तेवढंच ना? चिंता सोडा."

चिंता सोडा असं अण्णांनी म्हटल्यावर ती सोडायची नसते, दुप्पट धरायची असते. पण जावईबापू नवे होते. लग्नाला चारच वर्षं झालेली.

ते चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात कामाला होते. रोज संध्याकाळी दारातूनच विचारायचे, "अण्णा, फळं?"

"एकदम स्वच्छ!" अण्णा सांगायचे.

बाराव्या दिवशी, शुक्रवारी, जावईबापू लवकर घरी आले. सहज जिन्याखाली डोकावले. खोली रिकामी. ट्रे नाही, फळ नाही, उंदीरही नाही. ते तीन-तीन पायऱ्या ओलांडत वर आले.

"अण्णा! ट्रे कुठाय?"

"माझ्या पलंगाखाली. हीटरजवळ," अण्णा शांतपणे म्हणाले. "त्या गारठ्यात कुठं फळ पिकतं, जावईबापू? पेंढा मिळेना तुमच्या देशात, म्हणून कागद फाडून आढी घातली. वरून शाल."

"हात लावायचा नव्हता हो!"

"तिला काय कळतंय? बाईमाणूस एकटं, कोण सांगणार बिचारीला?"

जावईबापूंनी पलंगाखालून ट्रे ओढला, शाल काढली, कागद उपसले आणि मोजलं. सतरा. पुन्हा मोजलं. सतराच. बाहेरच्या थंडीतून आलेल्या माणसाचं तोंड लाल असतं, यांचं पांढरं झालं.

"बाकीची?"

"एक मी चाखलं. माल चाखल्याशिवाय कळतो होय? जीभ टाळ्याला चिकटली ती संध्याकाळपर्यंत सुटली नाही. आणि तेवीस नासली. रोज दोन-तीन, दोन-तीन. काळपट व्हायची, मऊ पडायची, हात लावला की बोट आत. उचलली की फेकली. एक नासका आंबा सगळी आढी नासवतो, माहितीये ना? मी वेळच्या वेळी काढली म्हणून ही सतरा वाचली." अण्णा जरा थांबले. त्यांना शाबासकीची अपेक्षा होती.

"कुठं फेकली?"

"अंगणात, पाल्याच्या ढिगावर."

जावईबापू पलंगावर बसले. अण्णांनी तिथं निवडायला आणलेल्या बटाट्यांवरच बसायचे, पण बायकोनं वेळेत हात धरला.

"रविवारी चारला येतेय ती," ते म्हणाले. "चोवीस फळं कमी. संपलं. भाचा राहायला येणार इथं."

"अरे, सरळ सांगून टाक ना," बायको म्हणाली. "म्हणावं, नासली."

"तिच्या मेलेल्या नवऱ्याच्या झाडाची फळं आम्ही उकिरड्यावर फेकली म्हणून सांगू? आणि वर म्हणू, करार वाढवा?"

"खोटं बोलून काय होणारे?"

"खोटं नाही बोलायचं. चोवीस फळं आणायची. मोजणी पूर्ण, विषय संपला."

बायकोनं पोटावर हात ठेवून सुस्कारा टाकला. तिचं म्हणणं असं होतं की जो माणूस खोटं बोलणार नाही म्हणतो आणि चोवीस फळं शोधायला निघतो, तो आधीच बोलून बसलेला असतो. पण ऐकतो कोण?

शनिवारी सकाळी सासरा-जावई मंडईत. आणि काय सांगावं, अण्णांचा तो या देशातला पहिला आनंदाचा दिवस ठरला. पानगळीच्या मोसमातली सगळी फळं मांडलेली आणि त्यातलं एकही ओळखीचं नाही. एक हुबेहूब टोमॅटो, पण टोमॅटो नव्हे. एक पेरूसारखं, अंगावर लव, वास असा की नाक हलेना, पण ठोठावलं तर लाकूड. एक हिरव्या काट्यांच्या गोळ्यात बसलेलं, आतून चकचकीत तपकिरी. अण्णा प्रत्येकाला अंगठा लावत, कानाशी नेत, हुंगत. फळवालीला त्यांची भाषा येत नव्हती, त्यांना तिची. तरी पाच मिनिटांत दोघं एकमेकांशी वाद घालू लागले.

"हे टोमॅटोसारखं परवापर्यंत द्यायचं नाही, सांगा तिला," अण्णा म्हणाले. "कच्चं आहे. गिऱ्हाईक शिव्या देईल."

"अण्णा, आपण कशाला आलोय!"

"विचारा ना मग. मी कुठं अडवलंय?"

जावईबापूंनी खिशातून नमुन्याचं फळ काढून दाखवलं. फळवालीनं ते बघितलं आणि हसली. "हे? हे कोणी विकत नाही हो," ती म्हणाली. "घेणार कोण? वाचनालयाच्या मागं एक झाड आहे, तिथं बघा."

वाचनालयाच्या मागच्या अंगणात खरंच झाड होतं, आणि फळांनी लगडलेलं. जावईबापूंनी चारी दिशांना पाहिलं. जन्मात त्यांनी कुणाच्या कुंपणावरचं फूलही तोडलं नव्हतं. परक्या मुलुखात, सरकारी आवारात, सासऱ्याच्या संगतीनं चोरी करायची वेळ आली होती. पकडलं गेलं तर आधी नोकरी जाईल की व्हिसा, याचा ते विचार करत होते, तेवढ्यात अण्णा बाकावर चढून फांदी खाली ओढूही लागले.

"अण्णा, हळू! आवाज नको."

"ही नको, ही किडकी. ती वरची द्या. अहो, आकार बघून घ्या, उगाच भरती करू नका!"

चोर असा निवडक बसला की चोरीला वेळ लागतो. अर्धा तास झाला. अकरा फळं झाली आणि मागचं दार उघडून ग्रंथपालबाई बाहेर आल्या. चष्म्यावरून पाहत. जावईबापूंच्या हातातली पिशवी आपोआप पाठीमागं गेली.

"मी... आम्ही... हे माझे सासरे," ते म्हणाले. गुन्ह्याचं कारण म्हणून ते वाईट नव्हतं.

"न्या, न्या," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "सगळी न्या. दरवर्षी खाली पडतात आणि वाचकांचे पाय घसरतात." आणि आत जाऊन त्यांनी आणखी एक पिशवी आणून दिली.

एवढ्या सहज सुटल्यावर माणसाचा जीव हलका व्हावा. पण घरी येईपर्यंत जावईबापूंना नवी धास्ती लागली, ही फळं एक मापाची नसली तर? त्यांनी रात्रीच्या जेवणाआधी सगळी वहीवर ठेवून पेन्सिलनं आखून पाहिली. रविवारी सकाळी सतरापैकी आणखी तीन मऊ पडलेली निघाली. अण्णांनी ती त्यांच्या देखत उचलली आणि फेकून आले. त्यांच्या जागी वाचनालयाची तीन आली. मग अण्णांनी एकेक फळ धोतराच्या फडक्यानं पुसून लखलखीत केलं आणि ओळीनं, तोंडं खाली करून मांडलं. एक्केचाळीस. एकाला डाग नाही, एक मऊ नाही.

"अशी पेटी बाजारात ठेवा," अण्णा मागं सरून म्हणाले, "पहिल्या बोलीत उचलतील."

चारला बाई आल्या. कोट न काढताच वर आल्या. एका हातात कागदांची पिशवी होती, म्हणजे करार. जावईबापूंनी ते पाहिलं आणि ट्रे पुढं केला.

"मोजा," ते म्हणाले.

बाई मोजायला वाकल्या आणि सात-आठवर थांबल्या. एक फळ उचललं, दाबलं. दुसरं उचललं, दाबलं. मग सगळ्या ट्रेवरून हात फिरवला.

"एकसुद्धा मऊ नाही?" त्यांनी विचारलं. "इतके दिवस झाले. निम्मी तरी मऊ व्हायला हवी होती."

"मऊ?" जावईबापूंनी विचारलं.

"ही मऊ झाल्यावर खातात. काळपट पडून, आत लगदा झाला की चमच्यानं. आधी खाल्ली तर तोंड वाकडं होतं. तुम्हाला माहीत नव्हतं?"

म्हणजे तेवीस आणि तीन, सव्वीस फळं अण्णांनी बरोबर ज्या दिवशी तयार झाली त्याच दिवशी ढिगावर नेऊन टाकली होती. जावईबापूंच्या डोळ्यांपुढं भाचा सामानाचा ट्रक घेऊन उभा राहिला. एरवी ते आणखी एक खोटं बोललेही असते, पण सुचेना. तेव्हा त्यांनी भडाभडा सगळं सांगून टाकलं. शाल, हीटर, पाल्याचा ढीग, वाचनालय, बाक, ग्रंथपालबाई. चुकलेल्या व्याकरणासकट.

बाई ऐकत होत्या. चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं.

"काय म्हणतेय ती?" अण्णांनी विचारलं. मुलीनं सांगितलं. अण्णांचा चेहरा असा झाला की जणू कुणी त्यांच्या चौतीस वर्षांवर शाई सांडली.

"नासल्यावर खातात?"

"हो, अण्णा."

"मुद्दाम?"

ते तडक खाली गेले. खिडकीतून सगळ्यांना दिसत होते. ढिगापाशी वाकले, सकाळी टाकलेल्यातलं एक फळ उचललं, अंगणातल्या नळाखाली धुतलं आणि तसेच वर आले. टेबलाशी बसले. साल सोलली. आतला चॉकलेटी लगदा चमच्यावर घेतला.

"अण्णा," जावईबापू मराठीत, ओठ न हलवता म्हणाले, "पाया पडतो तुमच्या. कसंही लागू दे, छान म्हणा. नातवाच्या डोक्यावरच्या छपराचा प्रश्न आहे."

अण्णांनी चमचा तोंडात घातला. डोळे मिटले. हळूहळू चावलं. बाई टेबलावर दोन्ही हात टेकून त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या. अण्णांनी गिळलं.

"जावईबापू," ते म्हणाले, "चौतीस वर्षांत खराब मालाला मी चांगला म्हटलं नाही. आडत्यानं नोकरीवरून काढीन म्हटलं तरी म्हटलं नाही. हे नासकं आहे. सांगा त्यांना."

"काय म्हणाले?" बाईंनी लगेच विचारलं.

"छान आहे म्हणाले!" जावईबापूंनी सांगितलं. आणि एकदा गाडी उताराला लागली की थांबते कुठं? "फार आवडलं त्यांना. आम्हा सगळ्यांनाच आवडतं. मला तर फारच! असं फळ मी आयुष्यात खाल्लं नाही." हे शेवटचं मात्र शंभर टक्के खरं होतं.

बाई खुर्चीत मागं टेकल्या. "असं," त्या म्हणाल्या. चेहरा पडला होता. त्यांनी कराराचे कागद पिशवीतून निम्मे बाहेर काढले होते, ते पुन्हा आत सरकवायला लागल्या. जावईबापूंना काही कळेना. छान म्हटल्यावर कुणाचा चेहरा पडतो का?

तेवढ्यात बायको उठली. आठव्या महिन्यात उठायला वेळ लागतो, पण ती उठली. नवऱ्यापेक्षा तिची तिथली भाषा चांगली होती.

"खोटं सांगतोय हा," ती म्हणाली. "माझे वडील म्हणाले, हे नासकं आहे."

"मेलो," जावईबापू म्हणाले.

बाईंनी अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी मान डोलावली, बोलणं न कळताच, आणि चमचा ताटलीत उपडा ठेवला. मग बाई हसायला लागल्या. आधी तोंडावर हात ठेवून, मग हात काढून, मग डोळे पुसत. उठून त्यांनी अण्णांचा हात दोन्ही हातांत धरला.

"सांगा त्यांना," त्या मुलीला म्हणाल्या. "अडतीस वर्षं खाल्लीत मी ही. माझे यजमान समोर बसून बघायचे, प्रत्येक चमच्याला. ते गेले त्याला सहा वर्षं झाली. तरी दरवर्षी उतरवते, ठेवते, खाते. त्यांच्या हातचं झाड, फेकायला हात धजत नाही. त्या खोलीचं दार मी मुद्दाम उघडं टाकते. म्हटलं, उंदीर तरी नेतील. उंदीरसुद्धा शिवत नाहीत हो!"

मुलीनं सांगितलं. अण्णा गंभीरपणे म्हणाले, "उंदराला मालाची पारख असते." तेही तिनं सांगितलं, आणि बाईंना पुन्हा हसू लोटलं. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते बराच वेळ थांबलं नाही. बायकोनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला, पाणी आणून दिलं.

"भाच्याला नाही म्हणून कळवते," डोळे टिपून बाई म्हणाल्या. "या घरात खरं बोलणारी माणसं हवीत मला." त्यांनी कागद बाहेर काढले, एक वर्ष खोडून तीन वर्षं लिहिलं आणि सही केली. मग जावईबापूंकडे एकदा बघून, खाली, स्वतःच्या हातानं आणखी एक ओळ लिहिली.

जावईबापूंनी कागद जवळजवळ हिसकावला. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या पोटातला गोळा विरघळला होता. त्यांनी न वाचता सही ठोकली. एक इथं, एक तिथं, एक शेवटच्या ओळीखाली. घर आपलं झालं. बाळ या घरात येणार. त्यांना अण्णांनासुद्धा मिठी मारावीशी वाटली.

"अरे, वाचलंस का?" बायकोनं विचारलं. तिनं कागद ओढून घेतला आणि शेवटची ओळ मोठ्यानं वाचली. "अंगणातल्या झाडाची सगळी फळं दरवर्षी भाडेकरूनं, म्हणजे नवऱ्यानं, घरमालकिणीसमोर बसून खायची."

"मी?" जावईबापू म्हणाले. "सगळी?"

बाईंनी ट्रे त्यांच्यापुढं सरकवला, त्यावर अण्णांचा चमचा ठेवला आणि कोटाची बटणं लावत उठल्या.

"तुम्हाला फारच आवडतात ना?" त्या म्हणाल्या. "लग्नानंतर पहिल्या दिवशी मीही त्यांना असंच सांगितलं होतं."